पोस्टातून आलेली काठी

"आते लोके गळ पोस्टमाथीन मंगाडतस. उद्या मासाबी पोस्टमनच दी जाई."

दुकानाचे आबा हे तराजूपलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होते. पण आवाज असा लावला होता की दोन हातांवर उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना ऐकू जावं. गिऱ्हाईक हसलं. पप्पाही हसले, थोडे उशिरा. मी ओट्याच्या खाली रस्त्यावर उभी होते आणि पप्पा आता या दुकानात येणं सोडणार की काय, याचा अंदाज घेत होते. नव्या काठीचं पार्सल गुरुवारी आमच्या घरी आलं होतं. आज शनिवार. आता पप्पांना फक्त शिशाचे वजनाचे मणी हवे होते, कारण ते पार्सलमध्ये नव्हते.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत आबांचं दुकान होतं. दोरखंड, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, चाळण्या, आणि एका कोपऱ्यात मासे धरायचं सामान. गळ जुन्या स्लिपरच्या रबरात टोचून ठेवलेले असत. तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, हवा असेल तर आबा त्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधायचे आणि म्हणायचे, ओढ. तुटला तर दुसरा. आणि काहीही द्यायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "बसनार कोठे? तळले गारा शे का खडक?" मग तळाच्या चिखलाची, झाडाची, पाण्याची चर्चा सुरू व्हायची. त्यात बाकीची गिऱ्हाइकं घुसायची. एका गळासाठी अर्धा तास सहज जायचा. आबा चुकायचेही पुष्कळदा. त्यांनी छातीठोकपणे सांगितलेल्या जागी पप्पांना कित्येक रविवार एक मासा लागला नव्हता. मला ते दुकान आवडायचं, कारण तिथे सगळे एकमेकांशी इतके बोलत असायचे की माझ्याशी कुणी बोलायचं नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. पप्पांच्या ऑफिसातल्या एका काकांनी मोठ्या शहरातल्या कंपनीचा रंगीत कॅटलॉग आणला होता. गुळगुळीत कागद, सगळं इंग्रजीत. फोटोत गोरी माणसं गुडघाभर पाण्यात उभी. पप्पा आणि काका तो जेवणाच्या सुट्टीत बघायचे, आणि घरी आणला की मला वाचून दाखवायला सांगायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, अकरावी सायन्सला. घरातलं इंग्रजी वाचणं माझ्याकडे होतं, औषधांच्या बाटल्यांपासून मिक्सरच्या पुस्तकापर्यंत. वाचायचं ठीक होतं. त्याचं मराठी करून सांगताना मात्र मी अडखळायचे. चुलतभावंडं मला 'मॅडमचं मराठी' म्हणून चिडवायची, त्यामुळे मी शक्य तितकं कमी बोलायचे.

पार्सल उघडलं तेव्हा शेजारचे चारपाच जण आले होते. काळी, चकचकीत, दोन तुकड्यांची काठी. जोडल्यावर बारा फुटांची. तिला दोरा गुंडाळायची चकरी. काकांनी ती एका बोटावर तोलली. "अरे, ही तर झाडूच्या काडीइतकी हलकी आहे." पप्पांनी मला हाक मारली, "वाच गं, काय लिहिलंय." मी वाचलं. कार्बनची बनावट, अमुक वजन, तमुक हमी. मग मुठीच्या वर एक छोटी पिवळी पट्टी दिसली. तिच्यावर विजेचा बाण, एक पडलेला माणूस आणि दोन ओळी. या काठीतून विजेचा प्रवाह वाहतो, विजेच्या तारांपासून दूर राहा.

मी ती आधी मनात वाचली. तोवर काकांनी काठी माझ्या हातातून घेऊन अंगणात फिरवायला सुरुवात केली होती आणि सगळे तिकडे वळले होते.

आम्ही ज्या तळ्यावर जायचो ते साक्री रस्त्याच्या बाजूला होतं. पप्पांची बसायची जागा ठरलेली होती, बांधाजवळची, कारण तिथे पाणी खोल होतं. त्या जागेच्या मागच्या चढावरून, काठाला लागून, शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारींच्या तारा गेलेल्या होत्या. उघड्या तारा. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना असा झोळ पडायचा की पप्पांची बांबूची काठी कधीतरी त्यांना लागायची. त्यावर कुणी काही म्हणायचं नाही. मोटारींची लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असायची, तीही मध्येच जायची. आणि बांबू तो बांबू, कोरडं लाकूडच.

आबांकडून निघाल्यावर, स्कूटरपाशी, मी म्हटलं, "पप्पा, त्या काठीवर करंटचं लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"तारांपासून लांब ठेवा असं."

"अगं, ते लोक सगळ्यावरच असं लिहितात. टीव्हीच्या खोक्यावर नाही का, उघडू नका म्हणून. आणि हे प्लॅस्टिक आहे. टेस्टरची मूठ कशाची असते?"

टेस्टरची मूठ प्लॅस्टिकची असते हे खरंच होतं. पण शाळेच्या प्रयोगशाळेत पेन्सिलच्या आतल्या काडीतून आम्ही बल्ब लावला होता, तेही मला आठवत होतं. ती काडीसुद्धा कार्बनचीच. पेन्सिलवर रंग असतो तसा या काठीवर रंग होता. संध्याकाळी आईला सांगितलं, तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "त्यांनाच नीट सांग ना. मला त्यातलं काय कळतं?" पप्पा अंगणात बसून चकरीला तेल देत होते. इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी दारापर्यंत गेले आणि परत आले.

रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. पप्पा, आई, मी, काका आणि काकू. काठीची पिशवी माझ्या खांद्यावर होती. वाटेभर मी रस्त्याकडेचे खांब बघत होते. कुठल्या तारा किती खाली आहेत, असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. स्कूटर थांबवा म्हणायचा धीर नव्हता. थांबले असते तर कारण विचारलं असतं.

तळ्यावर पोचल्यावर मी पहिल्यांदा कान दिले. पलीकडच्या काठावर गव्हाचं शेत होतं, आणि तिथल्या मोटारीचा आवाज येत नव्हता. लाईन नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की मी काकूंना आपण होऊन विचारलं, पाणी हवंय का. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आज पोरगी बोलली," काकू आईला म्हणाल्या. "लिहून ठेवा."

पप्पांनी काठी जोडली. कणकेचा गोळा गळाला लावला. चकरीची सवय नसल्याने पहिल्या दोन फेका पायाजवळच पडल्या. काका म्हणाले, "साहेब, कॅटलॉगमधला गोरा असा फेकत नव्हता." पप्पा म्हणाले, "त्याच्यामागे तू उभा नव्हतास ना." तिसऱ्यांदा त्यांनी काठी सरळ उभी मागे नेली आणि शेंडा मागच्या तारेला लागला. टण्‌ असा बारीक आवाज झाला.

माझ्या हातातला डबा खाली पडला. पप्पांनी मागे वळून पाहिलं, आधी तारेकडे, मग माझ्याकडे, आणि हसले.

"बघितलंस? काही झालं?"

"काय व्हायचंय?" काका म्हणाले.

"हिच्या शाळेत शिकवलंय, काठीतून करंट येतो म्हणून."

"मग आपला बांबू इतके दिवस काय करत होता?" काकांनी मला विचारलं. चेष्टेनेच, प्रेमाने. मी सांडलेला ठेचा गोळा करू लागले. लाईन नाही म्हणून काही झालं नाही, हे एक वाक्य होतं. माझ्याकडे ते मराठीत तयारही होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी डब्याचं झाकण लावलं.

मग मी फक्त ऐकत बसले. पाण्याकडे नाही, दोऱ्याला बांधलेल्या तरंगत्या बोंडाकडे नाही. पलीकडच्या काठाकडे कान लावून. आई भाकरी वाढत होती, माझी भाकरी तशीच हातात राहत होती. टिटवी ओरडली तरी मी दचकत होते. एखादा ट्रॅक्टर रस्त्यावरून गेला की मला मोटारच वाटायची. पप्पा आता खाली बसून होते, काठी पाण्याकडे आडवी. असंच बसू दे, असंच बसू दे, असं मी मनात म्हणत होते. मासा लागू नये अशी मी त्या दिवशी प्रार्थना केली. पप्पांची नवी काठी होती आणि मी मागत होते की तिला काही लागू नये.

पलीकडून एक माणूस ओरडला. "लाईन उनी! उनी लाईन!"

आणि मोटार सुरू झाली. आधी गुरगुर, मग एकसारखा घों घों आवाज, आणि पाइपातून पाणी पडल्याचा. आमच्याकडच्या कुणीही मान वर केली नाही. तळ्यावर असे आवाज रोजचेच. काकू आईला कुठल्यातरी लग्नातल्या जेवणाबद्दल सांगत होत्या, त्या सांगतच राहिल्या.

त्यानंतर थोड्याच वेळात पप्पांची काठी वाकली.

"लागला!" काका उभे राहिले. "मोठा आहे. सोडू नका. वर घ्या, वर!"

बांबूच्या काठीला चकरी नसते. मासा लागला की काठी उंच उभी धरून मागे मागे चालत जायचं आणि त्याला काठावर ओढून आणायचं, अशीच पप्पांची आयुष्यभराची सवय. चकरी फिरवायची असते हे ते विसरले. त्यांनी काठी दोन्ही हातांनी उभी धरली आणि चढावरून मागे सरकू लागले. त्यांचं तोंड पाण्याकडे होतं, पाठ तारांकडे. एक पाऊल. काका टाळ्या वाजवत होते. आईसुद्धा उठून बघत होती. काठीचा शेंडा थरथरत होता, आणि पप्पा चढत होते तसा तो वर वर जात होता.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती हे आठवतं, कारण काटा नंतर काढला. मी पप्पांच्या समोर गेले आणि त्यांच्या दोन्ही मनगटांना धरून सगळ्या अंगाचा भार खाली टाकला. काठी माझ्या खांद्यावरून पाण्याच्या दिशेने आडवी झाली, तिचा शेंडा मातीत आपटला. दोरा सैल पडला.

"अगं, मासा गेला ना!" काका म्हणाले.

"वेडी झालीस का?" पप्पांनी विचारलं. ते रागावले होते आणि काठी सोडत नव्हते. त्यांच्या डोक्यावर, उभ्या काठीचा शेंडा पोचेल न पोचेल इतक्या वर, तार होती. मी त्यांची मनगटं सोडली नाहीत. काकू बोलायच्या थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि पलीकडे मोटार चालू होती.

मी म्हणाले, "पप्पा, काठी खाली ठेवा. लाईन आलीये, वर तारेत करंट आहे, आणि ही काठी बांबूची नाही."