हेलिकॉप्टरची कोलांटी आणि पालखीचा पुढचा दांडा

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, त्यामुळे गावात माझं कधी चुकत नाही. म्हणजे चुकतं, पण कुणी बोलून दाखवत नाही. अपवाद एकच, माझे काका. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. उभा जन्म वरंध घाटात गाडी हाणली, त्यामुळे जगात जे काही वळतं ते फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्यांची ठाम समजूत.

त्या वर्षी पोलादपूरला कुणी मोठे साहेब हेलिकॉप्टरने येणार होते. मैदानात चुन्याने भला मोठा एच काढला. धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलं, आणि ते इतकं मारलं की बघायला गेलेल्या आम्हा सगळ्यांच्या चपला चिखलात रुतल्या. हेलिकॉप्टर उतरलं, त्याच्या वाऱ्याने स्वागताच्या कमानीचं कापड शेजारच्या आंब्यावर जाऊन बसलं, साहेब तासाभराने परत चढले आणि गेले. लोक खूश. काका मात्र तोंड पाडून उभे. काय झालं म्हणून मी विचारलं.

"एवढं तेल जाळून आला नि एक कोलांटी नाय मारली," काका म्हणाले.

मी हसलो. हसायला नको होतं. "काका, हेलिकॉप्टरला कोलांटी मारता येत नाही. वरचा पंखा त्याला उचलून धरतो. ते उलटं झालं की तोच पंखा त्याला जमिनीकडे ढकलणार. खेळ खल्लास." हे मी वर्गातल्या आवाजात बोललो. आजूबाजूची चार माणसं ऐकायला लागली, तसा मी आवाज आणखी चढवला.

"मंग आपण पालखी नाचवतो ती?" काका म्हणाले. "आडवी करतो, तिरकी करतो, गरागरा फिरवतो. देव पडतो काय?"

"देव बांधलेला असतो, काका!"

"नि पायलट काय मोकळा बसतो?"

लोक खो खो हसले. माझं डोकं सणकलं. म्हटलं, लावा पैज! काका जणू वाटच बघत होते. "लाव. मी हरलो तर यंदा शिमग्याला पालखीचा पुढचा दांडा तुझा. तू हरलास तर मरेस्तोवर मागं."

आमच्याकडे पालखी दोघे नाचवतात. खरं तर पुढचा नाचवतो आणि मागचा फरफटत जातो. पुढे कायम काका. मागे पंधरा वर्षं मी, समोर त्यांचं टक्कल. मुंबईहून आलेले चाकरमानी मोबाईल काढतात ते पुढच्यासाठी. मागच्याने तोल सांभाळायचा आणि पाय तुडवून घ्यायचे. शपथेवर सांगतो, हेडमास्तरकी नको, पण तो दांडा मला हवा होता.

घरी येऊन, काकांच्या तोंडावर फेकायला पुरावा असावा म्हणून मोबाईलवर शोधलं. पहिल्याच व्हिडिओत एक हेलिकॉप्टर नाक वर करून सुसाट चढलं, पाठीवर झालं आणि अख्खं वेटोळं घालून सरळ झालं. वर आणखी एक आडवी गिरकी मारली, फुकटात. बोंबला!

मग दोन दिवस वाचत बसलो. काही हेलिकॉप्टरांची पाती मधल्या दांड्याला अशी घट्ट बसवलेली असतात की ती हा ताण सोसतात. आणि पायलट असा झोकात गोल फिरवतो की उलटा असतानाही तो खुर्चीतच दाबलेला राहतो. पाण्याची बादली गरागरा फिरवली तर पाणी सांडत नाही, तसं. हा बादलीचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवतो, शर्ट भिजवून घेतो, टाळ्या घेतो! आणि काका पालखीचं म्हणाले ते दुसरं काय होतं? बाकीच्या बहुतेक हेलिकॉप्टरांना मात्र हे झेपत नाही. पाती सैल पडतात आणि हेलिकॉप्टरच्याच अंगावर आपटतात. पोलादपूरला आलेलं त्यातलंच होतं. पण पैज लावताना मी छाती फुगवून सगळ्याच हेलिकॉप्टरांबद्दल बोललो होतो ना!

बायको म्हणाली, "मग सांगून टाका त्यांना."

"सांगतो ना. शिमगा झाला की."

तिने माझ्याकडे असं काही बघितलं की त्या दिवशीचा चहा मी स्वतःच करून घेतला.

आठवडाभर काकांची आळी टाळली. शेवटी तेच दारात आले. "काय रे, लागला काय निकाल?" त्यांच्याकडे बटणांचा फोन, ते कुठे बघणार? मी म्हटलं, "लागला. नाही मारता येत." काकांचा चेहरा एकदम खुलला. "बघ! मास्तर तो मास्तर," म्हणाले आणि शीळ घालत गेले. माणसाचं मन केवढं मोठं, असं वाटून मला स्वतःचीच लाज वाटली.

शिमग्याला पालखी देवळाबाहेर आली, ढोल तापले, सगळं गाव जमलं. काकांनी स्वतःचा टॉवेल घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला, दांडा रुतू नये म्हणून. झालं, मला राहवेना. "थांबा!" मी ओरडलो. "मी खोटं बोललो! हेलिकॉप्टर कोलांटी मारतं! काका जिंकले!"

मग एकच गिल्ला झाला, "काका पुढं! काका पुढं!" मला वाटलं, काका आता मला मिठी मारणार. काकांनी माझी कॉलर धरली आणि मला देवळामागे ओढत नेलं.

"गाढवा! तुला कोणी सांगितलं होतं बोंबलायला?"

"पण तुम्ही जिंकलात, काका."

"मला हरायचं होतं रे! दोन्ही गुडघे गेलेत माझे. देवळाच्या पायऱ्या चढताना पाणी येतं डोळ्यांत. म्हातारा झालो म्हणून दांडा सोडला, असं गावाला कोणत्या तोंडानं सांगू? म्हटलं, सगळ्यात येडपट गोष्टीवर पैज लावावी, मास्तर जिंकल्याशिवाय राहत नाय. नि तो मेला खरंच उलटा उडतो?"

"उडतो, काका."

"आयला," काका म्हणाले. गुडघे विसरून हसले सुद्धा. बाहेर आरडाओरडा वाढला, तसे एकदम गंभीर झाले. "आपल्याकडं आलेला पण उडतो काय?"

"नाही. तो उलटा झाला तर मोडून पडेल."

काका लंगडत बाहेर गेले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "मंडळी! पैज पोलादपुरात आलेल्या हेलिकॉप्टरची होती! तो नाय मारत कोलांटी! मास्तर जिंकला, मी हरलो!" वकिलाला लाजवेल असा मुद्दा होता. कुणी हरकत घ्यायच्या आत त्यांनी ढोलवाल्याला खूण केली.

पुढचा दांडा माझ्या खांद्यावर आला, मागचा एका तरण्या पोराने घेतला. पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं आणि माझे पाय जागचे हलेनात. समोर कुणीच नव्हतं. बघायला कुणाची पाठ नव्हती. तेवढ्यात गर्दीत काका दिसले. देवळाच्या पायरीवर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि बसल्या जागी ढोलाच्या ठेक्यावर त्यांचे खांदे हलत होते, डावा, उजवा, डावा. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत पहिलं पाऊल टाकलं.