पिगीन मिस्त्रींनी घातलेला ठोकळा

आमच्या गावात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याच्या आधी ठरतं, ते फोर्डचं की शेवरोलेचं. रविवारी क्लबात रेडिओवर मोटारींची शर्यत लागते, तेव्हा एका टेबलावर फोर्डवाले बसतात आणि दुसऱ्यावर शेवरोलेवाले. माझा मेहुणा पलीकडच्या टेबलावर असतो. शर्यत संपेपर्यंत आमचं नातं बंद. मी फोर्डचा, आणि आन्सेल्मो पिगीन मिस्त्री शेवरोलेचे, तेही कडवे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दल लिहावं लागतं, म्हणून मी अकरा वर्षं चालढकल केली.

त्यांचे वडील इटलीहून सांता फे प्रांताच्या या टोकाला कापूस पिकवायला आले. मुलाला कापसापेक्षा पंपात रस. पंपावरून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवरून गाड्या. तरुणपणी एका शर्यतीत ते ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक म्हणून बसले होते. शेवटच्या वळणावर गाडी उलटली आणि डावा कान कायमचा गेला. मग उजव्या कानावर त्यांनी आयुष्य काढलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "चौथा सिलिंडर आळशी आहे." आणि तो असायचाच.

फोर्ड दारात आली की डोक्यावरची शेवरोलेची टोपी काढून, नाव भिंतीकडे करून खिळ्याला लावत. "गाडीला कशाला दाखवा," म्हणत. एवढीच काय ती त्यांची कट्टरता. काम मात्र दोन्हींचं सारखंच करत.

माझी फोर्ड फाल्कन वडिलांची. सहा सिलिंडरचं जुनं इंजिन, एका तोंडाचा कार्बोरेटर. हमरस्त्यावर ट्रकच्या पुढे जायचं म्हटलं की धाप लागायची तिला. मेहुणा मागून यायचा आणि खिडकीतून हात हलवत पुढे निघून जायचा. शेवटी मी मिस्त्रींकडे गेलो.

"दोन तोंडांचा बसवायचाय."

"एका तोंडाने पोट भरत नाही होय तिचं?"

"तुमच्या शेवरोलेंची धूळ किती दिवस खायची, मिस्त्री?"

"आता कसं खरं बोललास, एवारिस्तो. ठेव गाडी."

तीन दिवस लागले. इंजिनावर भोक एक आणि कार्बोरेटरला तोंडं दोन, म्हणून मधे एक जोडपट्टी घालावी लागते. पण एक्सिलरेटर पूर्ण दाबला की कार्बोरेटरातल्या दोन पितळी झडपा खाली उतरतात आणि जोडपट्टीच्या काठाला अडकतात. त्यासाठी मिस्त्रींनी स्वतःच्या लेथवर बोटभर जाडीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बनवला आणि मधे घातला. मला जवळ बोलावून दाखवलंसुद्धा. ठोकळा काढून दांडी फिरवली. झडपा खाली गेल्या आणि उघड्याच अडकल्या. ठोकळा ठेवून फिरवली, तर सुटसुटीत परत आल्या.

"बघितलंस? याला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

ठोकळ्यामुळे एअर फिल्टर उंच झाला आणि बॉनेट बसेना. मिस्त्री म्हणाले, "गुरुवारी ये. फिल्टरचं डबडं कापून ठेंगणं करून देतो. तोवर बॉनेट तारेने बांध."

रविवारी सासुरवाडीला बाप्तिस्मा होता. तारेने बांधलेलं बॉनेट घेऊन मेहुण्यासमोर उतरायचं? माझं नाक कापलं गेलं असतं. शनिवारी दुपारी अंगणात पाना घेतला आणि ठोकळा काढून टाकला. बोल्ट लांब पडले, म्हणून नटांखाली वॉशर घातले. अर्ध्या तासाचं काम. बॉनेट झकास बसलं. अंगणात एक्सिलरेटर दाबून बघितला, पण अंगणात तो पार तळाला कोण नेतं? मिस्त्री उगाच जास्त काळजी करतात, असं मी मनाशी म्हणालो. हे वाक्य मला अजून पाठ आहे.

रविवारी हमरस्त्यावर कापसाच्या ट्रकला मागे टाकायला मी पाय पूर्ण दाबला. गाडी अशी उसळली की मी हसलोच. मग पाय काढला. गाडीचा वेग उतरेना. चावी बंद केली तोवर आम्ही रस्ता सोडून, तारेचं कुंपण तोडून सूर्यफुलांच्या शेतात होतो. माझी चार वर्षांची मुलगी मीर्ता आईच्या मांडीवर होती, तिला खरचटलंही नाही. माझी बायको नेलिदा हिचं कपाळ समोर आपटलं होतं.

"काय झालं रे?" तिने विचारलं. रक्त तिच्या भुवईतून खाली येत होतं.

"मिस्त्रींनी काहीतरी वाकडं बसवलंय," मी म्हणालो.

एवढंच. विचार करून बोललो नाही, पण बोललो. एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी ओढून मिस्त्रींच्याच फाटकात नेऊन सोडली. दुसऱ्या दिवशी ते घरी नसताना मी ती गुपचूप दुसऱ्या गावच्या मेकॅनिककडे हलवली.

नेलिदाला पाच टाके पडले. क्लबात सगळे विचारायला लागले. मी म्हणालो, "शेवरोलेवाल्याच्या हातात फोर्ड दिली, दुसरं काय होणार?" टेबल हसलं. थट्टाच होती ती. पण आमच्याकडे या थट्टेवर लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास. महिन्याभरात फोर्डवाले गाड्या घेऊन दुसऱ्या गावी जायला लागले. मग शेवरोलेवालेही कुजबुजले, की म्हाताऱ्याचा हात गेला असेल, एका कानाने कितीसं ऐकू येणार. दोन वर्षांत पिगीन मिस्त्री गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत बसले होते. मी रस्ता बदलून जात असे.

एका सकाळी त्यांच्या फाटकात ट्रक दिसला. लेथ विकलं होतं, चौघे ते चढवत होते. माझे पाय आपोआप आत गेले. मिस्त्री माते, वाळक्या भोपळ्यातला कडू पाल्याचा चहा, पीत बसले होते. मला बघून त्यांनी भोपळ्यात गरम पाणी ओतलं आणि तो माझ्या हातात दिला, जणू मी रोज येतो.

"मिस्त्री, ठोकळा मी काढला होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"गाडी माझ्या फाटकात होती की रात्रभर. बॉनेट उघडलं, ठोकळा नाही. नटांखाली तुझे वॉशर."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला. मला वाटलं ऐकू आलं नाही. पण आलं होतं.

"तुझ्या बायकोच्या कपाळाला टाके होते. ती पुन्हा तुझ्या गाडीत बसली असती का? मला वाटलं, जखम भरली की तू स्वतः येशील." मग म्हणाले, "उशीर केलास रे."

"रविवारी क्लबात सगळ्यांना सांगतो."

"सांग. पण आधी नेलिदाला सांग."

नेलिदाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मीर्ता माझ्या मांडीवर होती."

रविवारी शर्यत सुरू व्हायच्या आधी मी क्लबात उभा राहिलो. ठोकळा, बॉनेट, वॉशर, काही लपवलं नाही. मग आमच्या टेबलावरचा काचो उठला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा रे याला," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचं दुकान बंद पडतंय म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय. पोरीच्या जिवावर बेतलं होतं याच्या! असं मन पाहिजे माणसाला."

"काचो, मी खरं सांगतोय."

"हो हो, कळलं आम्हाला. बस."

लोक उठून माझा हात हातात घेऊ लागले. कोणीतरी माझ्यासाठी वाइन मागवली. मी अजून दोनदा सांगितलं, पण दुसऱ्यांदा माझा आवाज पहिल्यापेक्षा लहान होता. कारण सगळे इतक्या मायेने बघत होते, आणि मला ते आवडत होतं.