गौरीहरापाशी थांबलेला ठेका

निजामाचं राज्य जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली असतील. मुरुममध्ये आमचा लग्नाचा बँड होता. दादा मुंबईच्या एका हॉटेलात वर्षभर ट्रम्पेट वाजवून परत आला, तो डोक्यात भलतंच घेऊन: जॅझ, आणि त्यात मिसळलेल्या ब्राझीलच्या चाली. पोराला बाहेरची बाधा झाली म्हणून आबांनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्या चालींचं वेडच लागलं.

त्यांचा ठोका सरळ पडत नाही, पाऊल उचलल्यावर पडतो. धाकट्या भावाच्या ढोलाला वरातीची सवय. त्याला तो सापडेना. मला सापडला. डब्यात मूठभर ज्वारी घालून मी परसात हलवायची आणि माझ्या हाताकडे बघत दोघं वाजवायचे. मोजून शिका म्हटलं, तर दादा म्हणायचा, "तू हायेस की." मूर्ख कुठले! पण मला ते ऐकायला आवडायचं, हेही खरं.

मग माझंच लग्न ठरलं. अणदूरचं वऱ्हाड मांडवात येताना हीच चाल वाजणार, असा दादानं हट्ट धरला.

आबा म्हणाले, "वाजवा. पण पाव्हण्यांम्होरं फसलात, तर हे थेर कायमचे बंद."

वऱ्हाड दारात आलं, तेव्हा मी आतल्या खोलीत गौरीहरापाशी बसले होते. नवरीनं उठायचं नाही, बोलायचं नाही, अन्नपूर्णेवर चिमटी चिमटी तांदूळ वाहायचे. सासरहून पुढं आलेल्या दोन बायका टक लावून बसलेल्या. बाहेर चाल सुरू झाली. पहिला फेरा निभावला. दुसऱ्यात ढोल घसरला, सरळ पडू लागला. दादानं सूर लांबवला, थांबला, पुन्हा तीच जागा धरली. तो माझी वाट बघत होता. खिडकी उघडी होती. समोरच्या पितळी वाटीवर बांगडी आपटली असती, तरी पुरलं असतं.

मी भ्याले. तांदूळ वाहत राहिले.

"बस्स!" आबा ओरडले. वरातीची नेहमीची चाल सुरू झाली.

सासरची एक म्हणाली, "पोरगी लई गुणाची. मान बी वर केली न्हाय."

दादानं ती चाल पुन्हा कधी वाजवली नाही. पंचमीला मला न्यायला आला, तेव्हा एसटीत म्हणाला, "आत तुला ऐकू आलं नसंल."

"न्हाय आलं."

"तरीच," तो म्हणाला, आणि माझी पिशवी त्यानं आपल्या मांडीवर घेतली.