लग्नाची तांबडी

हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मध्येच हसलात तर मला पुढचं सांगता यायचं नाही, आणि एवढा मोठा गाढवपणा अर्धवट सांगण्यात काय मजा?

मी शहापूरचा रंगारी. मागवाल्यांना साडीसाठी रेशीम रंगवून द्यायचं, हा आमचा पिढीजात धंदा. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, डब्यातले विलायती रंग आले होते आणि झाडपाल्याचा रंग करणारं पेठेत कुणी उरलं नव्हतं. पण तांबड्याच्या छटा ओळखाव्यात तर मीच, असं लोक म्हणायचे. लोक कमी म्हणायचे, मीच जास्त म्हणायचो, ते सोडा.

एक दिवस पास्कूमेस्त्री दारात उभे. लष्कराच्या कॅम्पातल्या बेकरीत पाव भाजून म्हातारा झालेला भला माणूस.

"रंगारीअण्णा, पोरीच्या लग्नाची तांबडी हाय. गेल्या सालासारखा रंग बसंना. आमच्या बाईनं डोकं धरलंय. जरा येऊन मेळ जुळवून द्या की."

"रंग कसला? डब्यातला?"

"छ्या! सगळा फळांचा. घरात केलेला."

माझ्या अंगावर काटाच आला हो! लग्नाची साडी, फळांचा रंग, आणि तोही जुळवायला मी! रंग पक्का बसावा म्हणून तुरटीच्या पाण्यातून काढलेली रेशमाची एक लडी पिशवीत टाकली आणि रविवारी दुपारी पोचलो कॅम्पात.

मागच्या पडवीत चिनी मातीच्या तीन दांडग्या बरण्या. शेजारी पास्कूमेस्त्रींची बायको, मरियाणबाई. फुलाफुलांचा झगा आणि आवाज पलटणीतल्या हवालदाराचा.

"ह्यात विजापूरकडची काळी द्राक्षं. ह्यात जांबोटीची जांभळं. ह्यात तिथलीच करवंदं."

द्राक्षांचा रंग! म्हटलं, श्रीमंत माणसं दिसतात.

"कसं करता?" मी जाणकारासारखं विचारलं.

"फळं तुडवायची. साली काढायच्या न्हाईत, रंग सालीतच असतोय."

"बरोबर!"

"साखर घालायची, तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा, रोज ढवळायचं. आठ-दहा दिवस फसफसतंय."

"आमची नीळही फसफसायची!"

"मग फडक्यातनं गाळायचं. गाळ तळाला बसला की वरचं निवळ काढून घ्यायचं. असं दोन-तीनदा."

"अगदी तस्संच!"

आता तुम्हीच सांगा, यात संशय घ्यायला जागा कुठं होती? साखरेचं जरा नवल वाटलं, पण म्हटलं, चकाकी यायला घालत असतील.

"द्राक्ष एकटं तुरट पडतंय, करवंद आंबट. जांभळानं रंग चढतोय," बाई म्हणाल्या. "तिन्ही जुळली की कशी अलगद उतरती बघा!"

"उतरते?" मी दचकलो. "उतरून कसं चालंल, बाई?"

"मग? गळ्याखाली उतराय नको व्हय?"

गळ्याखाली म्हणजे पदरावर, असं मी समजून घेतलं. तेव्हा मी लई हुशार होतो.

मग गेल्या सालची एक बाटली आली. तिच्यासारखा रंग जुळवायचा होता. आमच्याकडं रंगाचा आंबटपणा बघायला थेंबभर जिभेवर घेऊन थुंकायची रीत. पण पडवी अशी लख्ख झाडलेली, भिंतीवर क्रूस टांगलेला. थुंकू कुठं? गिळला. बाईंनी लगेच कपच भरला.

"थेंबानं काय कळतंय? नीट घ्या."

जरा जांभूळ वाढवलं, घेतलं. करवंद कमी केलं, घेतलं. दोनतीन मेळ झाल्यावर मला माझ्या कलेविषयी लई प्रेम वाटायला लागलं. आणखी थोड्या वेळानं मरियाणबाईंच्या मांजराविषयीही.

शेवटी जुळला! चार भाग द्राक्ष, दोन भाग जांभूळ, एक भाग करवंद. बाटली आणि कप उन्हात धरले, तर जुळी भावंडं! बाईंना आनंद झाला. त्यांनी कल्हईच्या मोठ्या पातेल्यात त्याच मापानं निम्मी तांबडी मिसळली.

"आता परीक्षा!" मी ओरडलो. पिशवीतली लडी काढली आणि कोपरापर्यंत हात घालून पातेल्यात बुडवली.

बाई अशा किंचाळल्या की मांजर कौलांवर गेलं.

"मेल्या, काय घातलंस त्यात?"

"लडी!"

"कसली लडी?"

"साडीची! तुमच्या पोरीच्या लग्नाच्या!"

पास्कूमेस्त्री हळूच म्हणाले, "अण्णा, आमची पोरगी पांढरा झगा घालणार हाय. ही पाव्हण्यांसाठीची वाइन."

"वाइन? म्हणजे... प्यायची?"

"मग इतका वेळ तुम्ही काय करत हुता?"

मी खाली बसलो. म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं, पण बसलो.

तुरटीनं पातेल्यातल्या सगळ्या वाइनची माती झाली. ती पेरूच्या झाडाच्या बुडात ओतताना मरियाणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभराची मेहनत हो! तेवढ्यानं माझी निम्मी उतरली.

घरी आल्यावर उरलेली उतरली, कारण दारात आक्का. माझी थोरली बहीण. घरात काकवी जरा आंबली तरी परसात फेकून देणारी बाई.

"दादू, तोंडाला कसला वास रं?"

"रंगाचा गं. एकदाच जिभेवर टेकवला."

तिनं तांब्याभर ताक पुढ्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून कॅम्पात गेलो. म्हटलं, उरलेल्याचा मेळ तरी जुळवून देतो. बाईंनी आधी माझी पिशवी तपासली. मग माझाच पंचा माझ्या तोंडावर घट्ट बांधला, मागं दोन गाठी मारल्या आणि म्हणाल्या, "आता नुसतं डोळ्यानं बघा." बघितलं. रंग असा जुळला की बाईंनी स्वतः गाठी सोडल्या आणि लग्नाचं आवतण दिलं.

लग्नाला आक्कालाही नेलं. तिला पांढऱ्या झग्यातली नवरी बघायची होती. वाइन कमी पडेल म्हणून पास्कूमेस्त्रींनी लहान पेले आणले होते, पण सगळे तारीफ करत होते. नवऱ्यामुलाचे वडील तर मला भेटायलाच आले.

"रंग तुम्ही जुळवला म्हणं? झ्याक! आणि चव कशी काय साधली?"

मी छाती पुढं काढून, आक्काला ऐकू जाईल असं म्हणालो, "चवीतलं मला काय कळतंय? मी घेतच न्हाय!"

तेवढ्यात मागून मरियाणबाईंचा हवालदारी आवाज आला.

"व्हय व्हय, घेतच न्हाईत! त्या दिवशी पडवीत बसून नऊच कप घेतले!"

सगळा मांडव हसला. फक्त आक्का हसली नाही. तिनं हातातली केकची बशी शांतपणे खाली ठेवली, माझ्याकडं वळली आणि एवढंच विचारलं,

"नऊ?"