क्रुसावर झोत, मागे अंधार

महाराष्ट्र झाला, पाठोपाठ चिखलीकडून आमच्या गावात विजेचे खांब आले, आणि आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पंचांनी ठरवलं, दिवे लावायचे तर शहरातल्यासारखे. नागपूरहून एक जाणकार बोलावला. तो आला दुपार कलल्यावर. पश्चिमेचं दार सताड उघडं, मागच्या बाकांवर ऊन पडलेलं. "मागे उजेड भरपूर आहे," म्हणाला. मग सगळे दिवे पुढे लागले. क्रुसावर झोत, वेदीच्या कमानीआड लपवलेले बल्ब. लोकांची नजर क्रुसाकडेच गेली पाहिजे, म्हणे.

आमची उपासना दिवेलागणीनंतर असते, हे त्याला कोण सांगणार? सांगणारे सगळे पुढच्या बाकांवरचे. मास्तर, कंपाउंडर आणि त्यांची बायकापोरं. मागे बसतात कापूस वेचून थेट वावरातून आलेल्या मजूर बाया. त्यांच्यात माझी माय.

आधी आमच्याकडे रीत होती, ज्याने त्याने घरचा कंदील आणायचा आणि बाकाच्या टोकाला खिळ्यावर टांगायचा. त्याच कंदिलाखाली माय केस पिकल्यावर वाचायला शिकली, तेही फक्त गीतांचं पुस्तक. बोट ठेवून ती एकेक ओळ मोठ्याने वाचायची, मागच्या बाया ती म्हणायच्या. तेवढा वेळ ती कोणाच्या वावरातली मजूर नसायची.

नवे दिवे लागले त्या रविवारी थोरले पंच दारात उभे. "कंदील बाहेर ठेवा. नव्या चुन्यावर काजळी बसते."

"मंग आमी वाचाव कसं, काका?" मायनं विचारलं.

"तुमाले कुठं वाचता येते वं? तोंडपाठ म्हना."

"मले येते."

पुढच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

मी पत्रक काढलं. 'क्रुसाला उजेड, कष्टकऱ्यांना अंधार!' दारातच वाटलं. मागच्या बायांनीही या दिव्यांसाठी मूठमूठ ज्वारी बाजूला काढली होती, तेही छापलं. कोणाला झोंबायचं त्याला झोंबो.

"आला बे पत्रकवाला!" थोरले पंच ओरडले. "एका मायपायी एवढा तमाशा? तिले समोर बसव माह्या बायकोजवळ. झालं?"

"एक बल्ब मागे लावा. तेवढंच मागतो."

"नकाशा बिघडते. नागपूरवाल्याले इचारा लागन."

एका बल्बासाठी नागपूरची परवानगी! ती अजून आलेली नाही.

पुढे बसायचं मी मायला सांगून पाहिलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी समोर गेलो त मागच्यायले वाचून कोन दाखवन?"

हे माझ्या पत्रकात आलंच नव्हतं.

नंतर कितीतरी रविवार ती मागेच बसली. मांडीवर पुस्तक उघडं. पुढच्या लोकांनी पान उलटल्याची सळसळ झाली की तीही पान उलटायची. बाया तिच्या आवाजाची वाट बघत गप्प. गाणं आता फक्त पुढूनच येतं. मागून खोकल्याचे आवाज तेवढे. बाहेर पायरीवर वाती बारीक केलेले कंदील रांगेत उभे असतात, परतीच्या वाटेसाठी.

परवाच्या रविवारी निघताना तिच्या हातात नुसता कंदील दिसला.

"माय, पुस्तक?"

"राहू दे घरी. उगी वझं."