अप्पांचा नियम

मोठ्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. लातूरच्या आमच्या लिंगायत घरात अप्पांच्या लिंगपूजेसाठी तांब्याभर पाणी झाकून ठेवलेलं असे. एका सकाळी मी ते पिऊन टाकलं.

"अप्पा, लई तहान लागली होती," मी म्हणाले.

अप्पांनी मारलं नाही. माझ्या गळ्यात दोऱ्याने बांधलेलं लिंग काढून घेतलं. "अंगावर लिंग नसताना पाणी प्यायचं न्हाई, आपला नियमच हाय. आता बस दिवे लागेपर्यंत."

"लेकराच्या अंगावरचं लिंग काढतेत का कुठं?" माय रडत होती. तिलाही त्यांनी गप्प केलं. दिवसभर मी दारात बसले. जीभ टाळूला चिकटली, तरी पाणी मागितलं नाही. अप्पा म्हणतात ते खरं आणि पाप माझं, असंच मला वाटत होतं.

पुढे माझा हात आधी चालायचा आणि डोकं मागून. शाळेत पाटी फोडली, कॉलेजात एकीच्या थोबाडीत दिली. हे कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे.

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला बघायला नांदेडचे पाहुणे आले. मुलगा नव्या कलेक्टर कचेरीत लागलेला होता. दोरा बदलायचा म्हणून अप्पा त्यांचं लिंग देवळीत ठेवून न्हायला गेले. ठरवलेलं काहीच नव्हतं. मी ते उचललं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

अप्पांनी गुपचूप घर पालथं घातलं. पाहुण्यांनी चहा घेतला, अप्पा म्हणाले, "मला उपास हाय." घाम पुसून पुसून त्यांचा रुमाल ओला झाला होता. मला फार बरं वाटत होतं. दिवे लागले की लिंग देऊन टाकू, असं मी मनात म्हटलं.

तासही झाला नसेल. मी पोहे आणायला आत गेले, तर अप्पा रांजणाशी उभे. घटाघटा दोन तांबे प्याले, मिशा पुसल्या आणि बैठकीत जाऊन बसले.

मी मागोमाग गेले. सगळ्यांसमोर गाठ सोडून लिंग दाखवलं. "अप्पा, हे माझ्याजवळ हाय. मग पाणी कसं काय प्यालात?"

पाहुणे पोहे न खाताच उठले. माय कपाळाला हात लावून बसली.

"लई तहान लागली होती गं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मी लिंग पुन्हा पदरात बांधलं. दिवे लागायला अजून वेळ होता.