गुडघ्याआधीचा नारळ

११ नोव्हेंबर, सोमवार. सासूबाईंची दवाखान्याची पिशवी भरत होते. दोन गाऊन, कवळीचा डबा, एक्स-रे. दुसऱ्या दिवशी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. चेन लावली तोच त्या म्हणाल्या, "डोंगरावरच्या महादेवाला सांगितल्याबिगर मी कागदावर सही करायची न्हाई."

लग्न होऊन पिंपळे सौदागरात आल्यापासून कार्तिकातल्या एका सोमवारी त्या देहूरोडपुढच्या लेण्यांच्या डोंगरावर नारळ फोडत. गेली तीन वर्षं चढणं बंद. मी कधीच गेले नव्हते.

"पायऱ्या संपल्या की उजवीकडं वळ. पाण्याचं टाकं लागंल, त्याच्या म्होरल्या लेण्यात. अर्धं खोबरं त्याला, अर्धं मला."

तासाभरात निघाले. पायऱ्या, मग झाडीतली वाट. टाकं सापडलं. लेण्यात अंधार, मध्ये गोल उंच दगड. पिंड एवढी मोठी? असेल. गंध लावलं, बेल वाहिला, बाहेर येऊन नारळ फोडला, एक वाटी आत ठेवली. तेवढ्यात पांढऱ्या साडीतली एक बाई दोन मुलींना घेऊन आली. हातात मेणबत्त्या.

"ताई, हा स्तूप आहे. महादेव पलीकडे, घंटा वाजतेय तिथं."

वाहिलेला बेल उचलावा का? मी हात पुढे केला, मागे घेतला.

"पानं राहू द्या. गंध तेवढं पुसा," ती म्हणाली. मी बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन पुसलं. "आणि हे खोबरं?"

"आम्ही नारळ फोडत नाही. पण या दोघी खोबरं सोडत नाहीत." मुलींनी तिथंच वाटी संपवली.

घंटेच्या दिशेने गेले, पण एकदा ठेवलेल्या नारळाची उरलेली वाटी महादेवापुढे कशी ठेवणार? नुसते हात जोडले. सांगून झालं की नाही, कुणाला झालं, उतरताना काही कळेना. खोटं बोलले तर सही होईल. खरं बोलले तर ऑपरेशन पुढे ढकलायचं, आणि त्या रात्रभर कण्हतात ते मी ऐकते.

घरी येऊन सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"टाक्याच्या म्होरलंच ना? अंधारातलं?"

"हो. पण आई, तो स्तूप आहे."

"मी आजवर तिथंच फोडला."

"मग पलीकडे घंटा वाजते ती?"

"ती गर्दी. तिकडं कोण जातंय!" मग त्यांनीच विचारलं, "गंध पुसलंस व्हय? मी लावलेलं कुणी पुसलं असंल गं?"

सही करणार का, एवढंच मी विचारलं.

"सांगून तर झालंय. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं."

मंगळवारी सकाळी दवाखान्यात त्यांनी खोबरं मागितलं. पोट रिकामं ठेवायचं होतं, म्हणून दिलं नाही. चष्मा दिला, सहीची जागा बोटाने दाखवली, आणि खोबऱ्याचा तुकडा कवळीच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवला.